जुन्या बोर्डावरचे ठणठणीत भाग

नासाने २००२च्या सुमारास जुनाट वैद्यकीय यंत्रे विकत घेतली, ती त्यांच्या सर्किट बोर्डांवरच्या इंटेल ८०८६ चिप काढून घेण्यासाठी. स्पेस शटलच्या बूस्टरची तपासणी करणारी यंत्रणा १९७८ सालच्या या चिपवर चालत होती आणि तसे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले होते.

बोर्ड भंगारात जातो तेव्हा त्यावरचे बहुधा एक-दोनच भाग बिघडलेले असतात. बाकीचे सुखरूप उतरवायचे, तर त्यांना धरून ठेवणारे सोल्डर वितळवावे लागते आणि त्यासाठी उष्णतेचा अंदाज हवा.

कथील-शिशाचे ६३:३७ प्रमाणातले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६पासून शिशावर निर्बंध आणले आणि सुमारे २१७ अंशांना वितळणारे बिनशिशाचे सोल्डर बहुतेक ठिकाणी रुळले. त्यामुळे नवे बोर्ड जास्त हट्टी! त्यावर कारागिरांची युक्ती फार सुंदर आहे: सोल्डर काढायच्या आधी तिथे आणखी सोल्डर घालायचे. ताजे शिशाचे सोल्डर जुन्यात मिसळले की मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि त्यातली राळ ऑक्साइडचा थर सोडवते. मग सकरचे, म्हणजे सोल्डर ओढून घेणाऱ्या हातपंपाचे बटण दाबले की वितळलेला थेंब आत खेचला जातो. उरलेसुरले तांब्याची विणलेली पट्टी शोषून घेते.

खरी कसोटी भागाच्या ग्राउंडला जोडलेल्या पायाशी. तो तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो आणि पत्रा उष्णता पळवतो. सोल्डर वितळत नाही म्हणून नवशिका सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक दाबून धरतो. तेवढ्यात तांब्याची चकती धरून ठेवणारा चिकट थर सुटतो आणि चकतीच उचलून येते. बोर्ड खालून आधी गरम करून घेतला, तर ही वेळ येत नाही.

ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, रिले, कनेक्टर जरूर काढावेत. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र नकोत, त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरला तर हातच लावू नये. २३० व्होल्टच्या विजेवर तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि प्लग काढल्यावरही हा भार टिकू शकतो.

याच कौशल्याचा गैरवापरही होतो. जुन्या चिपवरची अक्षरे घासून, नवी छापून त्या कोऱ्या म्हणून विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीच्या २०१२च्या अहवालात लष्करी पुरवठ्यात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे आढळली. भागांची संख्या दहा लाखांवर होती. जुना भाग जुना म्हणून, तपासून विकणाऱ्या दुकानदाराची किंमत अशा वेळी कळते.