टोरांटोचे हार्ट हाउस
व्याख्याने संपल्यावर विद्यार्थ्याने कोठे जावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. त्याचे उत्तर म्हणून उभारलेली एक वास्तू म्हणजे कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे हार्ट हाउस होय.

ह्या विद्यापीठाची घडण संघात्मक. व्हिक्टोरिया महाविद्यालय मेथडिस्टांचे, ट्रिनिटी अँग्लिकनांचे, सेंट मायकेल्स रोमन कॅथलिकांचे, तर युनिव्हर्सिटी कॉलेज पंथनिरपेक्ष. विद्यापीठ एक असले तरी विद्यार्थ्यांचे सहजीवन आपापल्या महाविद्यालयाच्या आवारातच संपत असे. १९१० साली येथून पदवीधर झालेल्या व्हिन्सेंट मॅसी यांना ही उणीव जाणवली. त्यांचे आजोबा हार्ट मॅसी हे शेतीच्या अवजारांचे मोठे कारखानदार. त्यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी बांधकामाचा खर्च उचलला व वास्तूस त्यांचेच नाव देण्यात आले.

काम १९११ मध्ये सुरू झाले. हेन्री स्प्रोट व अर्नेस्ट रॉल्फ या वास्तुविशारदांनी गॉथिक शैली स्वीकारली. मध्ये महायुद्ध आले आणि अपुरी इमारत सैनिकी शिक्षणासाठी वापरावी लागली. अखेर ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, युद्धविरामास बरोबर एक वर्ष होत असता, तिचे उद्घाटन झाले. आपल्याकडील जिमखाना, वाचनालय व भोजनगृह एका छपराखाली आणावे, तशी ही योजना. शिवाय प्रार्थनामंदिर, संगीताचे दालन, आणि चौकाच्या पोटात बांधलेले नाट्यगृह. शरीर, बुद्धी व आत्मा यांपैकी कशाचीही उपेक्षा होऊ नये, हा संस्थापकांचा कटाक्ष रचनेत स्पष्ट दिसतो.

परंतु ‘सर्वांचे’ म्हणविणाऱ्या ह्या घरात विद्यार्थिनींना स्थान नव्हते. टोरांटोत स्त्रियांना १८८४ पासून प्रवेश होता. म्हणजे उद्घाटनाच्या वेळी त्यांस विद्यापीठात येऊन पस्तीस वर्षे लोटली होती. ही केवळ अनवधानाने राहिलेली त्रुटी म्हणता येणार नाही, कारण देणगीपत्रानेच वास्तू पुरुषांसाठी राखून ठेवली होती. नाट्यगृह व काही ठराविक प्रसंग सोडल्यास दार बंदच राही. पंथापंथांतील भिंती पाडावयास निघालेल्या दात्यांना ही भिंत दिसलीच नाही, की हवीशी वाटली? प्रस्तुत लेखकास दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

१९५७ च्या नोव्हेंबरात सेनेटर जॉन केनेडी येथील वादसभेत बोलावयास आले, तेव्हा प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थिनींनी बाहेर निदर्शने केली. आत अमेरिकेच्या जागतिक जबाबदारीवर वाद चालू होता. ती अट दूर होऊन विद्यार्थिनींना पूर्ण प्रवेश मिळाला तो १९७२ साली. व्हिन्सेंट मॅसी १९६७ च्या डिसेंबरातच निवर्तले होते.