कोडिंग येत नाही? तरी फायरफॉक्स तपासता येतं, मोबाइल पुरे!

मोबाइलवर जोडाक्षर तुटलं, वेलांटी भलतीकडे गेली, तर आपण 'मोबाइलच भंगार' म्हणून सोडून देतो. पण बनवणाऱ्यांना कळलंच नाही, तर दुरुस्ती कोण करणार?

मोझिलाचं फायरफॉक्स हे वेबसाइट उघडायचं ॲप ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. २००४ साली पहिली आवृत्ती आली. ते मराठीतही चालतं आणि स्वयंसेवक ते तपासतात.

सुरुवात सोपी. प्ले स्टोअरवरून 'फायरफॉक्स नाइटली' घ्या. नवे बदल आधी यात येतात, म्हणून चुकाही यातच सापडतात. नेहमीचं फायरफॉक्स काढावं लागत नाही. मात्र बँकेचे व्यवहार यात करू नका; हा अजून कच्चा माल आहे.

बाजारभाव, हवामान, सातबारा अशा रोजच्या साइट उघडा. काही बिघडलं तर तेच पुन्हा करून बघा. मग मोझिलाच्या 'बगझिला'वर ईमेलने खातं काढा. तीच चूक आधी कोणी नोंदवली आहे का, शोधा. नसेल तर साध्या इंग्रजीत लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत मोबाइलचं मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि स्क्रीनशॉट द्या. नोंद सगळ्यांना दिसते, त्यामुळे स्क्रीनशॉटमधलं नाव, गट नंबर झाका.

याचे पैसे मिळत नाहीत. चूक लगेच दुरुस्त होईलच असंही नाही. पण स्वस्तातल्या मोबाइलवर मराठी कशी दिसते, हे ती रोज वाचणाराच सांगू शकतो.