ड्रेस्डेनच्या भिंतींवर काळे आणि फिकट दगड शेजारी शेजारी का?

पूर्व जर्मनीतील सॅक्सनी राज्याची राजधानी असलेल्या ड्रेस्डेनमध्ये पर्यटकांची पावले प्रथम वळतात ती फ्राउएनकिर्शे या भव्य चर्चकडे. त्याच्या फिकट भिंतींवर विखुरलेले काळे दगड आगीत होरपळले असावेत, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तेथील वालुकाश्मात लोहाचा अंश असल्याने तो हवेच्या संपर्कात वर्षानुवर्षे काळवंडत जातो. काळे दगड अठराव्या शतकातील, तर फिकट दगड अलीकडच्या पुनर्बांधणीतील आहेत.

वास्तुविशारद गेऑर्ग बेर यांच्या आराखड्यानुसार हे चर्च १७२६ ते १७४३ या काळात उभारण्यात आले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्बवर्षाव सुरू केला. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकी विमानांनीही हल्ले केले. इतिहासकारांच्या आयोगानुसार त्यांत २५ हजारांपर्यंत लोक मृत्युमुखी पडले. १५ फेब्रुवारीला चर्चचा घुमट कोसळला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा स्मारक म्हणून तसाच राहिला. एकीकरणानंतर ढिगाऱ्यातील दगडांची नोंद करून १९९४ मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा खुले झाले. घुमटावरील सोनेरी क्रूस ही ब्रिटनची भेट आहे. तो घडविणारे ॲलन स्मिथ यांचे वडील त्या हल्ल्यात सहभागी झालेले वैमानिक होते.

जवळच्या राजवाड्यातील ‘ग्रीन व्हॉल्ट’ या रत्नदालनात भारतीयांना परिचित एक नाव भेटते. सुवर्णकार डिंगलिंगर यांनी १७०१ ते १७०८ दरम्यान औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार सोने, मीनाकाम आणि रत्नांत साकारला. त्याच सुमारास खुद्द औरंगजेब दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता; १७०७ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. महायुद्धात हा खजिना किल्ल्यात हलविल्यामुळे बचावला. नंतर तो सोव्हिएत संघात नेण्यात आला आणि १९५८ मध्ये परतला.

गमावलेला वारसा जिद्दीने उभारणाऱ्या या शहराने एक बहुमान मात्र गमावला. येथील एल्बे नदीच्या खोऱ्याला २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले होते. वाहतुकीची कोंडी फोडण्यासाठी नदीवर नवा पूल बांधण्याच्या बाजूने नागरिकांनी २००५ मध्ये कौल दिला. पुलामुळे खोऱ्याच्या निसर्गदृश्याला बाधा येत असल्याचे सांगत युनेस्कोने २००९ मध्ये ते यादीतून वगळले. २०१३ पासून त्या पुलावरून वाहने धावत आहेत.

चर्चचे फिकट दगडही कालांतराने काळवंडतील. जुने कोणते आणि नवे कोणते, हा भेद आज मात्र नुसत्या नजरेने ओळखता येतो.