‘स्वामी’ मालिका आणि ऐतिहासिक सत्यता

दूरदर्शनवर १९८७ साली प्रसारित झालेली ‘स्वामी’ ही मालिका रणजित देसाई यांच्या १९६२ मधील कादंबरीवर आधारित होती. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे. रवींद्र मंकणी माधवराव झाले, तर मृणाल देव (कुलकर्णी) रमाबाई. सोलापुरात सात रस्ता परिसरातील वर्गांतही पेशवाईचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या मनातील माधवराव दप्तरातून आलेले नसतात. ते कादंबरीतून, पडद्यावरून किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून आलेले असतात. म्हणूनच या कथानकातील कागदोपत्री भाग कोणता आणि कल्पित कोणता, हे अध्यापकास सांगता आले पाहिजे.

राजकीय चौकटीविषयी फारसा वाद नाही. १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी मिळालेले पेशवेपद, १७६२ मध्ये आळेगावी चुलत्यापुढे पत्करलेली शरणागती, १० ऑगस्ट १७६३ चा राक्षसभुवनचा विजय, १७६८ मध्ये धोडपला झालेला राघोबादादांचा पाडाव, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने झालेले निधन आणि रमाबाईंचे सहगमन हा क्रम राजवाडे, खरे व सरदेसाई यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांशी ताडून पाहता येतो.

खरी अडचण सुरू होते ती अंतःपुरात. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात फौज, कर्ज, वसूल आणि मसलती यांचा तपशील विपुल आहे. पतिपत्नींचे एकांतातील संभाषण कोणी लिहून ठेवलेले नाही. ती पोकळी कादंबरीकाराने भरली, आणि तो त्याचा अधिकारच होय. मात्र वाचकाला पानापानांवर लेखकाची उपस्थिती जाणवत राहते, तशी ती प्रेक्षकाला जाणवत नाही. कल्पित संवादाला चेहरा व आवाज लाभला की तो साक्षीपुराव्यासारखा भासू लागतो.

रामशास्त्र्यांचेच पाहा. स्नानसंध्येत गुंतलेल्या तरुण पेशव्याला त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागून भानावर आणले, ही कथा ग्रँट डफने नोंदविली आहे. म्हणजे प्रसंगानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने. जागीरदारांनी स्वतः १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ती भूमिका केली होती. त्यामुळे मालिका येण्यापूर्वीच मराठी मनात रामशास्त्र्यांची मुद्रा ठरून गेली होती.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. अठराव्या शतकातील मोडी पत्रांत ‘विज्ञापना ऐसीजे’ अशा ठरावीक वळणांबरोबर फारसी शब्दांची रेलचेल असते. ज्या भारदस्त, संस्कृतप्रचुर बोलीला आज ‘ऐतिहासिक मराठी’ समजले जाते, ती बव्हंशी पुढील काळातील रंगभूमीने व कादंबरीने घडविली. पेशवे तसेच बोलत, असे मानण्यास आधार नाही. वास्तूंचेही तसेच. शनिवारवाड्याचे अंतरंग १८२८ च्या आगीत नष्ट झाले, तेव्हा पडद्यावरील दालने ही अनुमानेच ठरतात.

वर्गात थेऊरचा अखेरचा प्रसंग दाखवावयाचा असल्यास त्याच्या शेजारी माधवरावांची मृत्यूपूर्वीची याद ठेवता येते. पडद्यावर विरह आहे. यादीत प्रथम चिंता आहे ती राज्याच्या कर्जफेडीची.