वजनाचा काटा आणि बीजकोशाचा विकार

गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांतून एक नवा शब्द रूढ झाला आहे. मुलीची पाळी दोनदोन, तीनतीन महिने लांबते. हनुवटीवर राठ केस दिसू लागतात. पंचविशी आली तरी तोंडावरची मुरुमे हटत नाहीत. मग तपासण्या होतात आणि घरी वार्ता येते की, मुलीला ‘पीसीओडी’ आहे. वैद्यकशास्त्रात या विकाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्याही आधी पुष्कळदा एक ओळ लिहिलेली असते, ‘वजन कमी करा.’ लिहावयास ती जितकी सोपी, तितकीच आचरणात आणावयास कठीण. आजच्या विवेचनाचा विषय ही एक ओळच आहे. ती का लिहिली जाते, तिच्यात तथ्य किती आणि ती पाळावयाची तर कशी, या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. 1935 साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित होती किंवा थांबली होती, आणि त्यांचे बीजकोश फुगलेले असून त्यांत अनेक लहान लहान पोकळ्या होत्या. या पोकळ्यांवरून विकाराला नाव पडले, आणि तेव्हापासून ‘पोटात गाठी आहेत’ ही भीती त्याला चिकटून राहिली. वस्तुतः त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजकोशात स्त्रीबीजाच्या अनेक पिशव्या वाढू लागतात. त्यांतील एक पूर्ण पिकते, फुटते आणि बीज बाहेर पडते. या विकारात वाढ मध्येच खुंटते, आणि सेंटिमीटरभरही नसलेल्या या अर्धवट पिशव्या बीजकोशाच्या कडेला मण्यांसारख्या जमून राहतात. त्या काढून टाकण्याजोगे काही नसते.

म्हणूनच केवळ सोनोग्राफीच्या चित्रावरून निदान करू नये. 2003 साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी तीन लक्षणे ठरविली: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजकोशाचे हे विशिष्ट रूप. प्रौढ स्त्रीत तिन्हींपैकी दोन आढळली, आणि थायरॉइडसारखी इतर कारणे नाहीत याची खात्री झाली, तरच हे नाव द्यावयाचे. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नाहीत अशा मुलींत तर सोनोग्राफीचा आधार घेऊच नये, कारण त्या वयात असे बीजकोश निरोगी मुलींतही दिसतात. त्यांच्या बाबतीत पहिली दोन लक्षणे दोन्ही असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 सालच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांत आठ ते तेरा जणींना हा विकार असतो. म्हणजे या सभागृहातील बहुतेकांच्या नात्यागोत्यात तो कोठे ना कोठे असणारच.

आता वजनाचा संबंध पाहू. आपण जेवतो, रक्तातील साखर वाढते, आणि स्वादुपिंड इन्सुलिन नावाचे संप्रेरक सोडते. ‘साखर आत घ्या’ ही त्याची पेशींना हाक असते. या विकारात पुष्कळ स्त्रियांच्या स्नायूंना आणि यकृताला ही हाक नीट ऐकू येत नाही. घरात एखादे ऐकू न येणारे माणूस असले की आपण आवाज चढवितो. तसे स्वादुपिंडही अधिक इन्सुलिन सोडते. परंतु चढविलेला आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जातो. येथे तो शेजारी म्हणजे बीजकोश. त्याचे कान तीक्ष्णच असतात. जास्तीच्या इन्सुलिनमुळे तो पुरुषी संप्रेरके अधिक तयार करू लागतो. त्याच वेळी या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत कमी बनवू लागते, आणि मोकळी संप्रेरके वाढतात. बीजाची वाढ खुंटणे, पाळी लांबणे, हनुवटीवर केस येणे, हे सारे त्यातून उद्भवते. विकाराचा इन्सुलिनशी असलेला हा संबंध 1980 साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रथम दाखवून दिला.

याच इन्सुलिनचे दुसरेही एक काम आहे. साठविलेली चरबी वितळू न देणे हे ते काम. रक्तात इन्सुलिन सतत चढे राहिले की पोटाभोवती चरबी साचणे सोपे होते. पोटातील चरबी वाढली की पेशींचा बहिरेपणा वाढतो, त्यामुळे इन्सुलिन आणखी वाढते, आणि चक्र फिरत राहते. तेव्हा वजनामुळे हा विकार होतो की विकारामुळे वजन वाढते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वजन विकाराला बळ देते आणि विकार वजन उतरू देत नाही. शिवाय यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. ‘खाते फार, हलत नाही, म्हणून झाले,’ हा शेजारपाजारचा निवाडा शास्त्राला मान्य नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची मापे 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, म्हणजे 22.3 अंकाचे होते. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली. दोघेही पुरुष होते, तरी त्यातून निघणारा बोध स्त्रियांनाही लागू आहे. भारतीय शरीर काट्यावर हलके भरूनही आतून चरबीदार असू शकते. म्हणून आपल्याकडे स्त्रीच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर जाऊ लागला की सावध व्हावे, मग काटा काहीही सांगो.

मग वजन उतरावयाचे तरी किती? येथे आशेला भरपूर जागा आहे. ज्यांचे वजन अधिक आहे, त्यांनी मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के जरी ते उतरविले, तरी अनेकींची पाळी सुधारते, बीज पुन्हा सुटू लागते आणि मधुमेहाचा धोका घटतो. 70 किलोच्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो कमी करावे, एवढाच याचा अर्थ. लग्नाच्या वेळच्या फोटोतील बांधा परत मिळविण्याची गरज नाही. आणि काटा मुळीच हलला नाही तरी व्यायाम फुकट जात नाही. स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनच्या हाकेची वाट न पाहता साखर ओढून घेतात.

आहाराविषयी बाजारात नाना पंथ आहेत. कोणी भात सोडावयास सांगतो, कोणी गहू, कोणी दूध. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत या साऱ्याचा विचार झाला आहे. तिचा निष्कर्ष असा की, समतोल आहाराचा कोणताही एक प्रकार या विकारात दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही. जो आहार अंगाला लागू पडतो आणि वर्षानुवर्षे पाळता येतो, तोच चांगला. तेव्हा दूरदेशीच्या फळाबियांचा शोध घेण्यापूर्वी आपल्याच ताटाकडे पाहावे.

आपल्या ताटात बहुधा भात आणि पोळी यांचा डोंगर असतो आणि वरण पातळ असते. हे प्रमाण थोडे फिरवावे. मटकीची वा हरभऱ्याची उसळ, घट्ट आमटी, पिठले, ताक, चालत असेल तर अंडे किंवा मासळी वाढवावी. भाजी आणि कोशिंबीर अर्ध्या ताटाएवढी घ्यावी. भाकरी, पोळी आणि भात उरलेल्या जागेत बसवावा. डाळी-कडधान्यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. त्यांनी पोट भरल्यासारखे राहते आणि दुपारी चारला फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही.

दुसरी बाब चहाची. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, एवढा हिशेब पुष्कळ घरी भरतो. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर 40 ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे जेवणास बसण्यापूर्वीच मर्यादा ओलांडलेली असते. चहा सोडू नये. चमचे कमी करीत जावे.

तिसरी बाब उपवासाची. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. प्रथिने त्यात नावापुरतीच. आठवड्यातून दोन उपवास आणि दोन्ही वेळा खिचडी, वर बटाट्याचा कीस, असे चालले तर त्या दिवशी इन्सुलिनला विश्रांती मिळत नाही, उलट जास्त काम पडते. उपवास ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, दही, फळ यांवर भर द्यावा. याच्या उलट, महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या आशेने उपाशी राहणेही हिताचे नाही. तसे केल्याने चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि साखर खपविणारे स्नायूच घटले तर उतरलेले वजन परत येण्यास वेळ लागत नाही.

व्यायामाचे माप सरळ आहे. प्रकृती राखण्यासाठी आठवड्याला निदान 150 मिनिटे चांगले दमदार चालावे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. वजन उतरवावयाचे असेल तर 250 मिनिटे, म्हणजे रोज पाऊण तासाच्या आत. त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे: बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. ‘घरकाम काय थोडे असते?’ असे कोणी विचारील. घरकाम श्रमाचेच आहे, आणि बसून राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे. परंतु छातीचे ठोके सलग वाढतील असा त्याचा वेग बहुधा नसतो, आणि त्याने माणूस थकतो मात्र पुरा.

येथे आपण प्रश्नाच्या मर्माशी येतो. पाऊण तास कोठून आणावयाचा? सकाळी डबे, मग नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि सर्वांची पाने उठल्यावर उरलेला भात ‘वाया जाऊ नये’ म्हणून स्वतःच्या ताटात, असा जिचा दिवस आहे, तिला चिठ्ठीवरची ती ओळ एकटीने पाळता यावयाची नाही. तिच्यासाठी वेगळे शिजवावयाचे आणि बाकीच्यांनी वडे खावयाचे, हा क्रम दोन आठवडेसुद्धा टिकत नाही. उसळ, कोशिंबीर आणि कमी साखरेचा चहा साऱ्या घरालाच मानवणारा आहे. चाळिशी उलटलेल्या नवऱ्याला आणि सासूबाईंच्या मधुमेहालाही. संध्याकाळचा कुकर दुसऱ्या कोणी लावला तर तिचा पाऊण तास मोकळा होतो. वैद्यकाने सांगितलेल्या या उपायातील निम्मा भाग घरातील माणसांच्या हाती आहे.

घराच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जीभ. या विकारात खिन्नता आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, हे सिद्ध झाले आहे, आणि वजनावरून होणारी टीका रुग्णाला अपाय करते, असे उपरोक्त मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. टोमण्यांनी वजन उतरत नाही. मुलगी लपून खाऊ लागते आणि डॉक्टरांकडे जाणे टाळते. ‘लग्न झाले की आपोआप बरे होईल,’ हे जसे निराधार, तसेच ‘हिला मूल व्हायचे नाही,’ हेही. बीज सुटण्यास मदत करणारी लेट्रोझोलसारखी औषधे आज आहेत, आणि या विकाराच्या बहुसंख्य स्त्रिया माता होतात.

औषधांचा संकोच बाळगू नये. 1957 साली फ्रान्समध्ये मधुमेहावर प्रथम वापरलेले मेटफॉर्मिन इन्सुलिनचा भार हलका करते. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी स्त्रियांनी, बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करतात. वजन उतरविणारी नवी इंजेक्शने परिणामकारक आहेत. परंतु ती थांबविल्यावर वजन पुष्कळदा परत येते, आणि दिवस राहावे अशी इच्छा असताना ती चालत नाहीत. यांपैकी काहीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली तर ‘बरे झाले, कटकट टळली’ असे म्हणून गप्प बसू नये. अस्तर जाड होत राहिल्यास पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. ग्लुकोज पिऊन करावयाची साखरेची तपासणी आणि रक्तदाब यांची आठवण ठेवावी. आणि एक सूचना विवाहितांना: वजन उतरू लागले की पाळी येण्यापूर्वीच बीज सुटू शकते. मूल नको असेल तर ‘आपल्याला काही होत नाही’ या भरवशावर राहू नये.

शेवटी काट्याविषयी. रोज सकाळी त्यावर उभे राहून दिवसाची सुरुवात हिरमोडाने करण्यात अर्थ नाही. पाण्याच्या चढउतारानेही किलोभराचा फरक पडतो. त्यापेक्षा एक वही करावी. तीत पाळीची तारीख, महिन्यातून एकदा कमरेचा घेर व वजन, आणि आठवड्यात किती मिनिटे चालणे झाले, एवढेच लिहावे. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. साठ दिवसांनी येणारी पाळी चाळीस दिवसांवर आली आणि जिना चढताना दम लागेनासा झाला, तर काटा दोनच किलो उतरला असला तरी उपाय लागू पडत आहे असे खुशाल समजावे, आणि तो तसाच पुढे चालू ठेवावा.