इंजिन स्वस्त, बदल महाग
जुन्या मोटारीत टर्बो इंजिन बसवण्याआधीचा हिशेब

यंत्रमागावर मोठ्या ताकदीची मोटर चढवली म्हणून कापड दुप्पट निघत नाही, हे आपले कारखानदार बंधू जाणतात. पट्टा, बेअरिंग, स्टार्टर, वायर, सगळेच त्या ताकदीचे लागते. मोटारगाडीचेही तसेच आहे. आखाती देशांत व इतरत्र आपले अनेक कारागीर गॅरेजच्या धंद्यात आहेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या सेडानमध्ये टर्बो इंजिन बसवून मागणारे गिऱ्हाईक परदेशात भेटते. काम हुन्नराचे आहे. पण आधी हिशेब मांडला नाही तर गाडी खोललेल्या अवस्थेत पडून राहते, गिऱ्हाइकाचा पैसा अडकतो आणि कारागिराचे नाव खराब होते. म्हणून एका प्रसिद्ध उदाहरणावरून हा हिशेब समजून घेऊ.

जपानच्या सुबारू कंपनीची इंप्रेझा ही गाडी १९९२ साली निघाली. तिची डब्ल्यूआरएक्स ही टर्बो आवृत्तीही जपानात त्याच वर्षी आली, पण अमेरिकेत ती २००२ च्या मॉडेलपासून मिळू लागली. त्याआधी तेथे २००० व २००१ च्या मॉडेलात २.५ आरएस ही सेडान विकली जात होती. तिला टर्बो नव्हता व ताकद १६५ हॉर्सपॉवर होती. डब्ल्यूआरएक्सचे इंजिन आकाराने लहान, दोन लिटरचे, पण टर्बोमुळे २२७ हॉर्सपॉवरचे. दोन्ही इंजिने एकाच ‘ईजे’ घराण्यातील असल्याने जागेवर बसतात. त्यामुळे अनेकांना काम सोपे वाटते.

कोणी विचारेल, इंजिन बदलण्यापेक्षा जुन्यालाच टर्बो का लावू नये? टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरतो. जुने इंजिन मुळातच हवेला सुमारे दहापट दाबते. टर्बो इंजिन मात्र आठपट दाबावर बनवलेले असते, जेणेकरून जादा हवेला वाव राहावा. दहापट दाबाच्या इंजिनात टर्बोची हवा जोराने घातली की पेट्रोल अवेळी पेटते, इंजिन ठोकू लागते व पिस्टन फुटतात. म्हणून संपूर्ण टर्बो इंजिन घालणेच शहाणपणाचे.

सुटे की सबंध?

इंजिनाबरोबर काय काय लागते ते पाहा. टर्बोच्या नळ्यांना वाट देणारा खालचा आडवा बीम, पूर्ण सायलेन्सर पाइप, हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याला वारा देणारे तोंड असलेले बॉनेट, जादा पेट्रोल देणारा पंप, क्लच, सर्व सेन्सर, इंजिनाचा संगणक आणि वायरिंग. वेळ सर्वांत जास्त वायरिंग खाते. दोन गाड्यांच्या वायरी जोडून एक करायच्या असतात. हे वाहनाच्या नकाशावरून एकेक तार तपासून करावे, अंदाजाने नव्हे.

म्हणून सुट्या वस्तू दहा दुकानांतून गोळा करण्यापेक्षा अपघातात मागून ठोकलेली संपूर्ण टर्बो गाडी घेणे बहुधा परवडते. लहानसा क्लॅम्पसुद्धा तिच्यात मिळतो, आणि उरलेला माल विकून खर्चाचा काही भाग वसूल होतो. जपानहून येणारे अर्धे कापलेले पुढचे भाग शारजाच्या बाजारातही मिळतात. पण ती गाडी उजव्या स्टिअरिंगची असते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत तिची वायरिंग उलट्या बाजूस येते. शिवाय ते इंजिन जपानच्या उंच ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेले असते.

चार चाकांचा पेच

या गाडीत पुढचा डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या आतच असतो व मागचा वेगळा. दोघांचा मेळ बसलाच पाहिजे. या डब्ल्यूआरएक्समध्ये पुढचे प्रमाण ३.९० व मागचे ३.५४५ असते. वरकरणी हे चुकीचे दिसते, पण गिअरबॉक्सच्या आत १.१ चा आणखी एक गिअर आहे. ३.५४५ ला १.१ ने गुणा, ३.९० येतात. जुन्या आरएसचा मागचा डिफरन्शिअल ४.११ चा आहे. तो या गिअरबॉक्सला जोडला तर पुढची व मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि मधला डिफरन्शिअल जळतो. म्हणून गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शिअल नेहमी जोडीनेच घ्यावेत. पाच गिअरचा हा गिअरबॉक्स फार जादा ताकद सहन करत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

पैसे देण्यापूर्वी

इंजिनाच्या चारही सिलिंडरचा दाब मोजावा. तेल काढून पाहावे. त्यात धातूची चमक दिसली तर माल सोडून द्यावा. टर्बोचा दांडा हाताने हलवून खेळ पाहावा. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप व मागचा ऑइल सील बदलावा. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तेव्हा येथे केलेली काटकसर सर्वांत महाग पडते.

त्याहून आधी कायदा पाहावा. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा नंतरचे हवे, त्याची धूरनियंत्रणाची सर्व साधने हवीत, आणि सरकारी तपासनीसाकडून ते पास करून घ्यावे लागते. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून परदेशी शिकलेले हे काम येथे जसेच्या तसे करू नये. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, नाहीतर अपघातानंतर भरपाई अडते.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम परवानगी, मग पूर्ण यादी व प्रत्येक वस्तूचा भाव, त्यावर चौथा हिस्सा राखीव रक्कम, मग मालाची खरेदी. सर्व माल हाती आल्यावरच चालत्या गाडीला पाना लावावा. आणि हे सर्व मांडून झाल्यावर एक आकडा शेजारी लिहावा: मूळचीच टर्बो असलेली जुनी गाडी बाजारात कितीला मिळते? ती स्वस्त पडत असेल, तर गिऱ्हाइकाला तसे साफ सांगावे. आज एक काम जाईल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या कामाला तुमच्याच दारी येईल.