आखातातून कायमचं परतताना गाडी सोबत आणावी का?

रत्नागिरी-रायगडची कितीतरी कुटुंबं दुबई, दोहा, कुवेतहून कायमची गावी परततात. सामान बांधताना आम्हाला हमखास विचारलं जातं : गाडीपण कंटेनरमध्ये घालून आणता येईल का?

थोडक्यात उत्तर : बहुतेक वेळा नाही. आखातात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे असतं. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी तयार होऊन ३ वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. पहिल्याच अटीवर आखाती गाडी अडते.

‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत घरसामानाला आहे, मोटारीला नाही. एजंट ‘सगळं करून देतो’ म्हणाला तरी पैसे देण्याआधी कस्टम्सकडे खात्री करा. बंदरात अडकलेल्या गाडीचं भाडं रोज चढतं, आणि ते आपल्याच खिशातून जातं.

म्हणून आम्ही सांगतो, परतायच्या महिना-दोन महिने आधी गाडी तिथेच विका. बँकेचं कर्ज फेडा, दंड भरा, आणि गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाली की नाही ते स्वतः बघा. नाव तुमचंच राहिलं, तर त्याच्या चुकांचे दंडही तुमच्याच नावावर. घामाची कमाई बंदरात अडकण्यापेक्षा गावच्या घराला लागलेली बरी.